शिडी धरणाऱ्याने कुठे बसायचं?

...आणि वर मलाच म्हणतात, हट्टी! आता तुम्हीच सांगा, माणूस शिडीवर चढलेला असताना खालचा शिडी सोडून उठतो का? नाही ना? मग! मी नाही उठलो. दाराची बेल वाजली, नाही उठलो. फोन वाजून वाजून दमला, नाही उठलो. चहा गार झाला, हिने तो गरम करून आणला, तोही गार झाला, तरी नाही उठलो. 'अहो, खेळ आहे तो, खेळ!' म्हणे. असेल खेळ. पण शिडीवर माझी मुलगी होती की नव्हती?

थांबा. असं मधूनच सांगून तुम्हाला कळायचं नाही. पहिल्यापासून सांगतो. मी काही फार बोलणारा माणूस नाही, दोन शब्दांत आटपतो.

मी रंगारी. म्हणजे होतो, आता गुडघे नाही म्हणतात. शाळेत फारसा गेलो नाही. शाळांच्या भिंती मात्र रंगवल्या, आतून-बाहेरून. उंच भिंतींचं काम माझं. मी वर, आणि खाली शिडी धरायला माझा मेहुणा, हिचा भाऊ. वरच्याने विचारायचं, 'धरलं?' खालच्याने म्हणायचं, 'धरलं.' मग पाऊल टाकायचं. काम झालं की उतरून, दोन्ही पाय जमिनीला लागले की म्हणायचं, 'आलो.' ते 'आलो' कानावर पडल्याशिवाय खालच्याने हात काढायचा नाही. मग नाकावर माशी बसो, शिंक येवो, मालक हाका मारो. माझ्या ब्रशाचा रंग ठिबकायचा मेहुण्याच्या टाळूवर, तो मला शिव्या द्यायचा, हिच्यासकट सगळ्या घराण्याला द्यायचा, म्हणजे स्वतःच्याच की... पण हात काढायचा नाही. जन्मभर आम्ही दोघं एवढंच बोललो. धरलं, धरलं, आलो. पुरलं आम्हाला.

आता मुलगी. एकच आहे. शिकली, खूप शिकली. मला वाटलं, बसेल कुठल्यातरी कचेरीत. बसली ती आमच्याच बाहेरच्या खोलीत, कॉम्प्युटर घेऊन. म्हणाली, 'बाबा, मी गेम बनवते.' मी म्हटलं, 'कोणाच्या हाताखाली?' 'कोणाच्या नाही. मी आणि माझी मैत्रीण.' मैत्रीण चित्रं काढणार, बाकीचं सगळं ही करणार. दोघींची कंपनी! कंपनी म्हणजे काय, तर आमचं जेवणाचं टेबल. जेवायची वेळ झाली की कंपनी उचलून पलंगावर ठेवायची, जेवणं झाली की पुन्हा टेबलावर. एकदा कंपनीवर आमटीच सांडली. मी सांडली नाही. वाटी कलंडली.

मोठमोठ्या कंपन्या म्हणे लढाया बनवतात, विमानं, राक्षस, काय काय. आणि आमच्या टेबलाने काय बनवावं? शिडी! एक उंच इमारत, एक शिडी, दोन माणसं. वरचा भिंत रंगवतो, खालचा शिडी धरतो. वारा आला की खालच्याने त्या बाजूला कलायचं, नाहीतर वरचा पडला. मजला झाला की अदलाबदल. बस्स! मी म्हटलं, 'हा खेळ आहे? हे तर माझं काम आहे!' ती म्हणाली, 'हो, बाबा.' एवढंच म्हणाली. मी उठून पाणी प्यायलो. तहान लागली होती.

मग म्हणे, आवाज पाहिजे. त्या खालच्या माणसाचा. मला कपड्यांच्या कपाटात बसवलं! आजूबाजूला गोधड्या, डोक्यावर हिचा कोट लोंबतोय, तोंडासमोर माइक. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून. 'बाबा, म्हणा, धरलं.' म्हटलं, 'धरलं!' 'असं रागाने नको. प्रेमाने म्हणा.' म्हटलं, 'शिडी प्रेमाने धरत नाहीत, हाताने धरतात.' ती मैत्रीण हसून हसून खाली बसली. 'काका, हेच घेऊ, हेच घेऊ!' घेतलं. जगात कोणीही तो गेम लावला की माझा कपाटातला आवाज येतो... धरलं! मी म्हणतो, येऊ दे. खोटं काय आहे त्यात?

आणि तपासायला खेळायला कोण बसणार? मीच! हातात ते दोन मुठींचं यंत्र दिलं. मी रिमोट म्हणायचो, ती म्हणायची, 'बाबा, कंट्रोलर.' असो. सोफा दोघांचा, त्यावर ही तिसरी येऊन बसायची, 'मी फक्त बघणार' म्हणून, म्हणजे माझं कोपर पोरीच्या बरगडीत, पोरीचा गुडघा माझ्या गुडघ्यावर, आणि वारा डावीकडून सुटला की मी आख्खाच्या आख्खा डावीकडे कलायचो आणि बटण दाबायचं विसरायचो! 'बाबा, तुम्ही नका कलू! त्याला कलवा!' आणि ही, फक्त बघणारी, ओरडायची, 'अगं पडली! अहो, पडली पोरगी! धरा ना!' पण नंतर नंतर जमलं. तिने कोपर मारलं की मी समजायचो, उजवीकडे सरकतेय. गुडघ्याने टोचलं की थांबायचं. तिचा श्वास अडकला की मी घट्ट धरायचो. एक शब्द लागायचा नाही. तुम्हाला सांगतो, खेळायचं तर शेजारी बसून!

मग तिने त्यातला थोडासा भाग नेटवर टाकला, लोकांनी खेळून बघावा म्हणून. लोक खेळले, छान म्हणाले. आणि छान म्हणून झालं की लगेच, 'ऑनलाइन कधी?' 'माझा भाऊ दुसऱ्या गावात असतो, ऑनलाइन कधी?' 'मला खेळायला कोणी मित्रच नाही, ऑनलाइन कधी?' अरे, मित्र नाही तर आधी मित्र कर की! शिडी कुठे पळून चाललीये का?

ती चित्रवाली मैत्रीण शहाणी. म्हणाली, 'काका, हल्ली माणसं लांब लांब राहतात.' मी म्हटलं, 'मग जवळ राहा म्हणावं.' 'असं कसं काका, कामं असतात.' मी पोरीकडे बघितलं. पोरगी म्हणाली, 'ऑनलाइन नाही. हा शेजारी बसून खेळायचाच गेम आहे.' ऐकलंत? ही माझी मुलगी! त्या दिवशी मी टेबल स्वतः पुसलं.

आणि त्याच मुलीला नोकरी लागली. लांब. इतकी लांब की आमची सकाळ ती त्यांची संध्याकाळ. टेबलावरच्या कंपनीवर जन्म काढता येत नाही, हे तिलाही कळत होतं, मलाही. म्हटलं, 'जा.' बॅगा मीच खाली नेल्या, गुडघे गेले खड्ड्यात. गाडीत बसताना म्हणाली, 'बाबा, येते.' मी म्हटलं, 'ये.' आणखी काय म्हणतात अशा वेळी? तुम्ही काय म्हणता?

सोफ्यावर ऐसपैस जागा झाली. कोपर कुठेही न्या, कोणाला लागत नाही. अशा सोफ्यावर बसवत नाही हो.

फोन यायचा. 'जेवलात?' 'जेवलो. तू?' 'जेवले.' 'बरं.' 'ठेवू?' 'ठेव.' ही कपाळावर हात मारून घ्यायची. 'अहो, मुलीशी बोलताय का तार करताय?' मग फोन हिच्याकडे जायचा आणि हिच्याकडे तो तासन् तास चालायचा. हिच्याकडूनच मला कळायचं. की पोरगी एकटीच जेवते, समोर कॉम्प्युटर ठेवून. की तिला झोप लागत नाही. मी म्हटलं, 'मला का नाही सांगत?' तर ही म्हणते, 'तुम्ही विचारता कुठे?' विचारतो की! जेवलीस का, म्हणून विचारतो ते काय असतं? मला एवढंच हवं होतं हो, पोरीने मला सांगावं. मला. आईच्या तोंडून गाळून आलेलं नको होतं.

तर एक दिवस फोन. जेवलात, जेवलो, झालं. ठेवायची वेळ आली, तर ठेवेना. म्हणाली, 'बाबा, मी ऑनलाइन केलंय.' मी म्हटलं, 'काय?' 'गेम. ऑनलाइन.' 'तूच म्हणाली होतीस ना, शेजारी बसूनच?' 'म्हणाले होते.' 'मग?' मला वाटलं, फोन कटला. मग म्हणाली, 'बाबा, बसा ना.'

बसलो. काय करता!

आणि काय तो प्रकार! वारा तिच्याकडे आधी सुटायचा, माझ्याकडे मागाहून. ती ओरडणार, 'डावीकडे!', ते माझ्या कानात पडणार, मी कलणार, तोवर ती पडून उठून पुन्हा चढायला लागलेली! 'बाबा, तुमचं नेट स्लो आहे.' माझं? मी ती दिव्यांची डबी रोज ओल्या फडक्याने पुसून ठेवतो! 'पुसू नका बाबा तिला!' घ्या! शिडी धरताना मेहुण्याला कधी नेट लागलं का? तो खाली, मी वर, मधे शिडी. स्लो व्हायला मधे काही नव्हतंच!

त्यात त्या मैत्रिणीने आणखी चार लोकांना आत घेतलं, म्हणे तपासायला लागतात. एकदा मी पोरीची वाट बघत बसलो होतो, चुकून दुसरंच बटण दाबलं गेलं, तर कोण कुठला एक गडी येऊन शिडी धरून उभा. ना ओळख ना देख. पण माणूस बरा वाटला. मी विचारलं, 'धरलं?' उत्तर आलं, 'धरलं.' माझाच आवाज! कपाटातला! मी विश्वासाने चढलो, पार वरपर्यंत चढलो, आणि हा खाली हसला, हॅ हॅ हॅ, आणि गेला की सोडून! मी धपकन खाली, डबा डोक्यावर, आणि माझ्याच आवाजात धरलं म्हणून मलाच पाडलं! सोफ्यावर असता तर? कान हाताशी होता त्याचा! म्हणून म्हणतो, खेळायचं तर शेजारी बसून!

पण... एक झालं. कोपर पोचत नाही म्हटल्यावर बोलावं लागतं. कानावर ती हेडफोनची पट्टी, तोंडाशी काडी. सुरुवातीला आपलं, डावीकडे, उजवीकडे, थांब. मग वारा पडला की ती वरून आपली रंगवतेय, मी खाली उभा, शांत... आणि त्या शांततेत ती म्हणायची, 'बाबा, माझ्या खिडकीतून समोर एक भिंत दिसते. पोपडे आलेत सगळे. तुम्ही असता तर चिडला असता.' म्हटलं, 'ओल असेल. खरवडल्याशिवाय नुसता रंगाचा हात मारला असेल मूर्खांनी.' मग ती रोज त्या भिंतीचं सांगायची. आज ऊन होतं, आज कोणीतरी खिडकीत फुलाची कुंडी ठेवली. आणि एकदा, भिंतीचंच सांगता सांगता म्हणाली, 'बाबा, इथे मला कोणी ओळखतच नाही हो.'

मला असलं बोलता येत नाही. मी म्हटलं, 'मी धरलंय. तू रंगव.' थोड्या वेळाने नाक ओढल्याचा आवाज आला. उशिरा आला, नेट स्लो. पण आला.

तिला माझं तोंड दिसत नाही, मला तिचं दिसत नाही, दोघांचे डोळे भिंतीवर. असं असलं म्हणजे माणूस बोलतो. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. मेहुणा गेला तेव्हा मी कोणाशी त्याचा विषय काढला नव्हता. हिच्याशीसुद्धा नाही, तिचा तर तो भाऊ. पोरीशी काढला. मी वर होतो तेव्हा, ती खाली होती. म्हटलं, 'अजून उतरताना तोंडात आलो येतं गं. ज्याला सांगायचं, तोच नाही.' ती म्हणाली, 'मला सांगा.'

तर आता त्या दिवसाचं. सकाळ. ती वर, अगदी टोकाला. म्हणाली, 'बाबा, नीट धरा हं, वारा येतोय, हा शेवटचाच...' आणि थांबली. ब्रश वर उचललेला, तसाच. आवाज नाही. मला वाटलं, विचार करतेय. रंगाऱ्याने करावा विचार, शेवटच्या हाताला घाई करू नये. मी धरून. दोन्ही अंगठे दोन बटणांवर, सोडलं की पडली. बेल वाजली. फोन वाजला. ही आली, 'अहो, उठा की!' म्हटलं, 'ती वर आहे.' चहाचं तुम्हाला सांगितलंच. शेवटी हिने फोन घेतला आणि आणून माझ्या कानाला लावला.

'बाबा! किती वेळ फोन करतेय! इथलं नेट गेलंय, सगळ्या इमारतीचं.'

'बरं.'

'बरं काय? आई म्हणतेय तुम्ही अजून धरून बसलाय?'

'तू वर आहेस.'

'मी वर नाहीये, बाबा! मी स्वयंपाकघरात आहे! कांदा चिरतेय!'

'ते तुझं तू बघ. इथे तू वर आहेस.'

'सोडा, बाबा. काही होत नाही. तो नुसता गेम आहे.'

'आले म्हण.'

'काय?'

'आले म्हण. मग सोडतो.'

सुरीचा आवाज थांबला. ही माझ्याकडे बघतेय, मी भिंतीकडे बघतोय, स्क्रीनवरच्या. मग हळूच, अगदी शाळेत जायची तेव्हा बोलायची तशा आवाजात म्हणाली, 'नाही म्हणत.'

'म्हणजे?'

'लगेच नाही म्हणत. थोडा वेळ धरा ना.'

धरलं! त्यात काय विचारायचं? मी शिडी धरली, हिने फोन धरला, पोरगी पलीकडे कांदा चिरायला लागली. ही तेवढी म्हणाली, 'अहो, माझा हात भरून आला!' म्हटलं, 'दुसऱ्या हातात घे. हालू नकोस.' कांदा चिरून झाला, परतल्याचा आवाज आला, ताटाचा आवाज आला, ती जेवली. एकटी नाही जेवली. मग म्हणाली, 'आले, बाबा.' मी सोडलं. अंगठे सरळ होईनात. हिने तेल लावून दिलं, आणि लावता लावता हट्टी, हट्टी म्हणत होती, नाक लाल करून. आता मला सांगा, हट्टी कोण?

चित्रवाली म्हणाली, 'हे दुरुस्त करू या. वरच्याचं नेट गेलं की शिडी आपोआप खाली येऊ दे.' पोरगी म्हणाली, 'अजिबात नाही. खालच्याला धरून राहायचं असेल तर राहू दे.' गेम आता बाहेर पडलाय, शेजारी बसून खेळा नाहीतर लांबून, दोन्ही आहे. लोक तक्रार लिहितात, 'समोरचा गेला तरी हा खालचा माणूस उभाच! बिघाड आहे, काढून टाका.' ती काढत नाही.

आणि आता ती आलीये. सुट्टीला. अहो, मी दोन्ही यंत्रं पुसून ठेवली, सोफ्याची तिची बाजू झटकली, ही शहाण्यासारखी लांब खुर्चीत बसली. पोरगी आली, बसली. शेजारी! अखेर शेजारी! कोपर बरगडीत, गुडघा गुडघ्यावर. वारा सुटला, दोघं एकदम कललो, पडणं नाही, ओरडणं नाही, मजल्यावर मजले, झरझर झरझर... आणि एक शब्द नाही. मी वाट बघतोय, ती बोलेल. ती वाट बघतेय, मी बोलेन. मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं, दोघांनी लगेच भिंतीकडे बघितलं. मग ती म्हणाली, 'बाबा... जेवलात?'

मी म्हटलं, 'जेवलो की. तुझ्यासमोरच जेवलो.'

पुन्हा मजल्यावर मजले.

मग ती उठली. आपलं यंत्र घेतलं, बॅगेतला कॉम्प्युटर घेतला, आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मला काही कळेना. म्हटलं, चुकलं की काय माझं? तेवढ्यात यंत्र थरथरलं. मी कानावर ती पट्टी चढवली. 'बाबा, ऐकू येतंय?' 'येतंय.' 'धरलं?' 'धरलं.' आणि पोरगी जी बोलायला लागली... जी बोलायला लागली! ही खुर्चीतून ओरडतेय, 'अहो, एका घरात! मधे नुसती भिंत आहे, भिंत!' म्हटलं, 'गप्प बस, ती वर आहे.'

आता रोज असंच. फक्त ती भिंत आहे पातळ. त्यामुळे तिचं प्रत्येक वाक्य मला दोनदा ऐकू येतं. आधी भिंतीतून येतं, सरळ. मग नेटवरून कुठे कुठे फिरून कानात येतं. काल म्हणाली, 'बाबा, मला परत जाववत नाहीये हो.' भिंतीतून आलं तेव्हा मी घसा साफ करून घेतला, डोळ्यात काय गेलं होतं ते पुसून घेतलं. कानात आलं तेव्हा उत्तर दिलं.

शेजारी बसून नाही हो एवढी सवड मिळत.